चाळीस मुलांची साडेचार कशी झाली?

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच रविवार. सकाळी साडेसातला फोन खणाणला. पलीकडे माझी भाची. आठवीत आहे आणि एकदा बोलायला लागली की मालगाडीसारखी मध्ये कुठे थांबत नाही.

"मामा, आमचा प्रयोग यशस्वी! पाच गुणांनी जिंकलो!"

"कोणता प्रयोग? आणि हरवलंत कुणाला?"

"ब तुकडीला! म्हणजे खरं तर खडू-फळ्याला!"

झालं होतं असं. त्यांच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने वीस टॅब भेट दिले. विज्ञान प्रदर्शनासाठी भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी प्रयोग ठरवला. आठवी 'अ'च्या चाळीस मुलांनी महिनाभर टॅबवर भूमिती शिकायची, एका टॅबवर दोघं. आठवी 'ब'च्या चाळीस मुलांनी नेहमीसारखी फळ्यावर. महिन्याने दोघांना एकच चाचणी, शंभर गुणांची. 'अ'ची सरासरी आली ६१ आणि 'ब'ची ५६.

"शाब्बास!" मी म्हटलं. "मग आता?"

"आता येत्या शनिवारी पालकसभा आहे. सगळ्या वर्गांसाठी टॅब घ्यायचे, प्रत्येक पालकाने तीन हजार रुपये द्यायचे, असं चाललंय. आमच्या बाई म्हणाल्या, तुमचा तक्ता तिथेच लावा. पुरावा म्हणून!"

दोस्तांनो, तीन हजार रुपये काही घरांत पाकिटातून सहज निघतात, काही घरांत निघत नाहीत. भाचीच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील भाजीची गाडी लावतात. त्यात तो 'पुरावा' शब्द! मी चहाचा कप खाली ठेवला.

"दुपारी वही घेऊन ये," मी म्हटलं, "आणि एक रुपयाचं नाणंही आण."

"नाणं कशाला?"

"ये तर खरी."

दुपारी स्वारी हजर झाली. मी तिला नाणं दहा वेळा उडवायला लावलं. छापा, काटा, छापा, छापा... सात छापे आणि तीन काटे.

"तुझं नाणं खोटं दिसतंय," मी म्हणालो. "छाप्याकडे झुकलेलं आहे."

"छे! दहा वेळांत एवढं होतंच की."

"किती वेळा होतं?"

इथे ती अडली. तुम्हीही करून बघा. अगदी चोख नाणं दहा वेळा उडवलं तरी सात किंवा त्याहून जास्त छापे साधारण सहा खेपांतून एकदा पडतात. म्हणजे वर्गातल्या साठ मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं, तर दहाएक जण ओरडणार, "माझं नाणं खोटं!" आणि दहाही जण चुकलेले असणार. पण तेच नाणं शंभर वेळा उडवलं आणि सत्तर छापे पडले, तर? चोख नाण्याच्या बाबतीत असं पंचवीस हजार खेपांतून जेमतेम एकदा घडेल. तेव्हा मात्र नाण्यावर खुशाल संशय घ्या. शेकडेवारी दोन्हीकडे तीच, सत्तर टक्के. फरक फक्त किती वेळा उडवलं याचा.

भाची हुशार आहे. तिने लगेच विचारलं, "म्हणजे आमचे पाच गुण हे सात छाप्यांसारखे आहेत?"

"ते बघायलाच तर वही आणायला सांगितली!"

पाच गुण लहान की मोठे?

वहीत ऐंशी मुलांचे गुण होते. कुणाला ९२, कुणाला ३१. सरासरीपासून मुलं साधारण १५ गुणांनी पुढेमागे पसरलेली होती. या पसरण्याला संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' म्हणतात. शब्द जड वाटतो, म्हणून आपण त्याला नुसता 'पसारा' म्हणू.

आता गंमत बघा. पसारा १५ आणि आपण शोधतोय तो फरक ५. म्हणजे मुलामुलांमध्ये मुळातच इतकी चढउतार आहे की टॅबने केलेला पाच गुणांचा फरक त्या गर्दीत हरवून जातो. जत्रेत कुणी हलक्या आवाजात हाक मारावी तसा. हाक ऐकू येण्यासाठी एक तर ती मोठी हवी, नाहीतर ऐकणारे कान पुष्कळ हवेत. कान म्हणजे इथे मुलं.

किती मुलं? त्यासाठी संशोधक एक झटपट हिशेब वापरतात. पसाऱ्याला फरकाने भागा, जे येईल त्याचा वर्ग करा आणि त्याला १६ ने गुणा. तेवढी मुलं प्रत्येक गटात हवीत.

भाचीने पेन्सिल काढली. १५ भागिले ५ म्हणजे ३. त्याचा वर्ग ९. नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस.

"एकशे चव्वेचाळीस! आणि आमच्याकडे चाळीसच!"

"आणि फरक पाचाऐवजी दहा गुणांचा असता तर?"

"१५ भागिले १० म्हणजे दीड. दीडाचा वर्ग सव्वादोन. सव्वादोन गुणिले सोळा... छत्तीस! मग आमची चाळीस पुरली असती."

"आणि अडीच गुणांचा असता तर?"

तिने हिशेब केला आणि डोळे मोठे केले. उत्तर आलं ५७६. फरक निम्मा झाला की मुलं दुप्पट नाही, चौपट लागतात. बारीक मोती शोधायला चाळणीही तशीच मोठी लागते, म्हणा ना.

हा १६ आला कुठून, असं तुम्ही विचाराल. तो आकाशातून पडलेला नाही. त्यात दोन गोष्टी आधी कबूल केलेल्या असतात. एक, टॅबचा काहीच उपयोग नसेल तर 'उपयोग झाला' किंवा 'तोटा झाला' अशी खोटी दवंडी वीस वेळांतून एकदाच पिटली जावी. दोन, उपयोग खरोखर असेल तर प्रयोगाला तो दहातून आठ वेळा तरी दिसावा. या दोन अटी गणितात घातल्या की १५.७ येतात. तोंडी हिशेबाला सोपे जावेत म्हणून १६. अटी कडक केल्या तर आकडा वाढतो.

भाचीच्या चाळीस-चाळीसच्या प्रयोगाचं काय? टॅबमुळे खरोखर पाच गुणांचा फरक पडत असला, तरी एवढ्या लहान प्रयोगाला तो दहातून तीनदाच पकडता येईल. उलट टॅब हा प्रकारच नसता, दोन्ही तुकड्यांना एकाच फळ्यावर शिकवलं असतं, तरी निव्वळ नशिबाने दोघींत पाच गुणांचं किंवा त्याहून जास्त अंतर सात खेपांतून एकदा पडलं असतं. सात छाप्यांची आठवण झाली ना?

ही चूक फक्त शाळकरी मुलं करतात असं समजू नका हं! जेकब कोहेन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९६२ साली त्यांनी आपल्या विषयातल्या एका नामांकित नियतकालिकाचे वर्षभराचे अंक तपासले. त्यातल्या ७० लेखांमधल्या प्रयोगांत मध्यम आकाराचा फरक सापडण्याची शक्यता सरासरीने निम्म्याहूनही कमी होती. एवढे मोठे प्राध्यापक, एवढी मेहनत, आणि फरक असूनही तो दिसेल की नाही हे नाणं उडवण्यासारखंच!

शितं आणि पातेली

"ठीक आहे," भाची म्हणाली. तिचा पडलेला चेहरा पुन्हा खुलला होता. "मग 'क' आणि 'ड' तुकड्या पण घेते. आणखी मुलं मिळाली की झालं."

इथे तिला थांबवलं. कारण खरी मेख पुढेच आहे, आणि ती भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

मी विचारलं, "'अ'चा भूमितीचा तास कधी असतो?"

"सकाळी पहिला."

"आणि 'ब'चा?"

"शेवटचा. आणि त्यांना भूमितीला दुसरे सर आहेत. आणि त्यांच्या वर्गाच्या खिडकीखाली रिक्षा स्टँड आहे, दिवसभर भोंगे!" एवढं बोलून ती एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पाच गुण टॅबचे, की सकाळच्या तासाचे, की रिक्षांचे?"

अगदी बरोबर. एका वर्गातली चाळीस मुलं ही काही चाळीस सुट्या गोष्टी नसतात. त्यांचे शिक्षक एक, वेळ एक, खिडकी एक. सर दोन आठवडे आजारी पडले तर चाळीसही जणांचा अभ्यास मागे पडणार. ती एकमेकांसारखी वाढतात.

आजी म्हणते ना, शितावरून भाताची परीक्षा? ते का जमतं, ठाऊक आहे? पातेलं एक, पाणी एक आणि आच एक, म्हणून. पण पंगतीसाठी चाळीस चुलींवर चाळीस पातेली चढलेली असली, तर पहिल्या पातेल्यातली पाचशे शितं चेपून बघितली म्हणून बाकीचा भात शिजला की नाही हे कळणार आहे का? तिथे शितं वाढवून उपयोग नाही. पातेली वाढवायला हवीत.

शेतीच्या संख्याशास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे यातलं मोठं नाव. तालुक्यात पीक किती आलं हे ठरवायचं, तर एकाच वावरातली हजारो कणसं मोजून भागत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, गावांतून शेतं निवडायची आणि प्रत्येक शेतातला एक लहानसा तुकडा कापून तोलायचा. भारतात पिकांचे अंदाज या पद्धतीने काढायला लागले त्यात सुखात्म्यांचा वाटा मोठा होता. शाळेतही तेच आहे. वर्ग म्हणजे वावर आणि मुलं म्हणजे कणसं. (हे भाचीला मुळीच आवडलं नाही. "मी कणीस?")

आता हिशेब. मुलांच्या गुणांत जो चढउतार असतो, त्यातला काही भाग मुलामुलांतल्या फरकामुळे असतो आणि काही भाग वर्गावर्गांतल्या फरकामुळे. हा दुसरा भाग पुष्कळदा दहा ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. आपण वीस टक्के धरू, म्हणजे ०.२. वर्गात मुलं ४०. त्यातून एक वजा केला की ३९. गुणिले ०.२ म्हणजे ७.८. त्यात १ मिळवला की ८.८. या ८.८ ने मुलांच्या संख्येला भागायचं.

४० भागिले ८.८. उत्तर साडेचार!

म्हणजे 'अ' तुकडीची चाळीस मुलं माहितीच्या बाजारात साडेचार सुट्या मुलांच्या भावाने विकली जातात. भाची नुसती बघत राहिली. बरं, वर्गात चाळीसऐवजी ऐंशी मुलं कोंबली तर? करा हिशेब. ४.८! वर्ग तोच ठेवून मुलं कितीही वाढवली, तरी हा आकडा पाचाच्या पलीकडे जातच नाही.

याच्या उलट गंमत बघा. समजा, तुमच्याकडे चारशे उत्तरपत्रिका तपासण्याइतकाच वेळ आहे. दहा वर्गांतली चाळीस-चाळीस मुलं घेतली, तर हाती लागतात सुमारे ४५ सुटी मुलं. तेच चाळीस वर्गांतून दहा-दहा घेतली, तर १४३! तपासायच्या उत्तरपत्रिका दोन्ही वेळा चारशेच. तरी एकात तिपटीहून जास्त माहिती.

मग पाच गुणांचा फरक पूर्ण वर्ग घेऊन शोधायचा, तर वर्ग किती लागतील? १४४ ला ८.८ ने गुणायचं आणि चाळीसने भागायचं. येतात ३२. बत्तीस वर्ग टॅबचे आणि बत्तीस फळ्याचे. भाचीकडे होता एक आणि एक.

बडोद्याचे संगणक

एवढे वर्ग कुणी घेतं तरी का? घेतात की!

२००० सालच्या सुमाराची गोष्ट. गुजरात सरकारने बडोदा महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. संगणक आले, पण बहुतेक ठिकाणी मुलांच्या हाती काही ते लागत नव्हते. मग मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था पुढे आली. २००२-०३ पासून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ, एका संगणकावर दोघं, असा कार्यक्रम आखला गेला. त्याचा उपयोग होतो का, हे तपासायला होते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी. हे तेच बॅनर्जी आणि डुफ्लो, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांची आई मराठी, बरं का!)

त्यांनी एक वर्ग इथला, एक तिथला असं केलं नाही. शंभराहून जास्त शाळा घेतल्या आणि कोणत्या शाळांत गणिताचे खेळ आधी सुरू करायचे हे सोडतीसारखं ठरवलं. निम्म्या शाळांना खेळ आणि निम्म्यांना नाही. म्हणजे चांगले शिक्षक, वाईट खिडक्या, पहिला तास, शेवटचा तास, सगळं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं गेलं. पहिल्या वर्षी गणितात फरक निघाला तो पसाऱ्याच्या ०.३५ पट. आपल्या १५ गुणांच्या पसाऱ्यात मोजला तर सव्वापाच गुण.

"म्हणजे आमच्याएवढाच!" भाची उडालीच.

हो, जवळपास तेवढाच. दुसऱ्या वर्षी तर ०.४७ पट, म्हणजे सात गुण. पण खरी गोष्ट अजून पुढे आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने तीच मुलं पुन्हा तपासली, तर फायदा उरला होता पसाऱ्याच्या जेमतेम एक दशांश. म्हणजे दीड गुण. दीड गुण ओळखायला आपल्या साध्या नियमाने मुलं किती लागतात? प्रत्येक गटात १६००, आणि तीही सुटी! लहान प्रयोगाला हे ओसरत जाणं दिसलंच नसतं. त्याने एक तर 'टॅब महान' म्हटलं असतं, नाहीतर 'टॅब व्यर्थ'.

दिल्लीत २०१५ साली कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती केली. तिथे शाळा सुटल्यावर मुलं एका केंद्रात येत आणि 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकी कार्यक्रमावर शिकत. ज्याची जेवढी तयारी, तिथून त्याचे प्रश्न सुरू. सोबत लहान गटात शिकवणारे शिक्षकही असत. केंद्र शाळेबाहेर, म्हणून सोडत शाळांची न काढता थेट मुलांची काढता आली. एकूण मुलं ६१९. साडेचार महिन्यांनी गणितातला फरक पसाऱ्याच्या ०.३७ पट आणि हिंदीतला ०.२३ पट. आता हा ०.२३ आपल्या नियमात घालून बघा. १६ भागिले ०.२३ चा वर्ग. येतात ३०२ च्या वर. दोन गटांचे मिळून सहाशे पाच. आणि त्यांच्याकडे होती ६१९! हा थोडा योगायोगच, कारण त्यांनी मुलांचे आधीचे गुणही हिशेबात धरले होते आणि त्याने काम सोपं होतं. पण मला मात्र तो आकडा जुळलेला बघून शाळेतल्यासारखा आनंद झाला.

आणि पेरू? दक्षिण अमेरिकेतल्या या देशाने खेड्यापाड्यांतल्या शाळांना छोटे लॅपटॉप वाटले. अभ्यासात ३१९ शाळा होत्या. पूर्वी शंभर मुलांमागे १२ संगणक होते, ते झाले ११८. पंधरा महिन्यांनी तपासलं, तर गणितात आणि भाषेत काही फरक सापडला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, तेवढीच. २०१२ साली हा निष्कर्ष बाहेर आला तेव्हा पुष्कळांची निराशा झाली. पण लक्षात घ्या, हे ३१९ शाळांचं शून्य आहे. दोन वर्गांवर प्रयोग करून 'फरक नाही' म्हणणं म्हणजे डोळे मिटून 'खोलीत कुणी नाही' म्हणणं. तीनशे शाळा धुंडाळून तेच म्हणणाऱ्याचं ऐकायला हवं.

मग काय, मोठा आकडा असला की काम फत्ते? तसंही नाही हो! स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये १९३० साली तब्बल वीस हजार शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. दहा हजारांना रोज दूध, दहा हजारांना नाही. चार महिन्यांनी उंची आणि वजन मोजायचं. पण शिक्षकांना मुभा होती, एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुलं फार झाली तर अदलाबदल करा. शिक्षक बिचारे दयाळू! हडकुळ्या पोरांना दूध मिळावं म्हणून त्यांनी ती दुधाच्या गटात ढकलली असावीत. झालं, दोन्ही गट सुरुवातीलाच वेगळे पडले. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट हे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३१ साली दाखवून दिलं की यापेक्षा हुबेहूब जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेऊन, नाणं उडवून, एकाला दूध दिलं असतं, तरी जास्त खात्रीचं उत्तर मिळालं असतं. आणि तेही कितीतरी स्वस्तात. वीस हजार विरुद्ध शंभर!

संध्याकाळ झाली. भाचीने तक्त्याचा कागद उलगडला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'टॅबने शिका, ५ गुण जास्त मिळवा!'

"हे खोटं आहे का, मामा?"

"खोटं नाही. खरं असेलही. बडोद्यात तर खरं निघालं. पण तुझ्या ऐंशी मुलांवरून ते कळत नाही, एवढंच."

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "आपल्या शाळेत सातवीच्या चार आणि आठवीच्या चार तुकड्या आहेत. आठ चोक बत्तीस, म्हणजे ३२० मुलं. दिल्लीसारखं केलं तर? प्रत्येक तुकडीतच चिठ्ठ्या टाकायच्या. वीस जणांना टॅब, वीस जणांना नाही. मग प्रत्येक वर्गातले सर दोन्हीकडे सारखे, रिक्षाही सारख्या!"

मला टुणकन उडी मारावीशी वाटली. एकाच वर्गात दोन्ही गट असले की वर्गावर्गांतला फरक आपोआप पुसला जातो आणि मुलं पुन्हा सुटी मोजता येतात. ३२० चे निम्मे १६०. लागतात १४४. सोळा जास्तीची, गोवर-कांजिण्या, लग्नकार्यं आणि चाचणीला दांडी मारणाऱ्यांसाठी! आणि टॅब वीसच असले तरी एकावर दोघं म्हणजे चाळीस. शाळा सुटल्यावर चार पाळ्या केल्या की १६० मुलांचं भागतं. नव्याने एकही टॅब घ्यायला नको.

"एक अडचण आहे," तिनेच काढली. "टॅबवाली मुलं बाकीच्यांना डब्याच्या सुट्टीत सगळं सांगणारच. मग फरक कमी दिसेल."

खरं आहे. म्हणूनच तर मोठे संशोधक पुष्कळदा पूर्ण शाळाच्या शाळा सोडतीला लावतात आणि भरपूर शाळा घेतात. एका शाळेत ते शक्य नाही. तेव्हा एवढी खोट आपण तक्त्यावर लिहून टाकायची ठरवली. दुसऱ्या सत्रात गट उलटे करायचे, म्हणजे कुणी रुसायला नको, हेही ठरलं. आणि किती गुणांच्या फरकाला 'फरक' म्हणायचं तेही वहीत आधीच लिहून, तारीख घालून, माझी सही घेतली. गुण कळल्यावर आकडा सरकवायचा मोह मोठमोठ्यांना होतो!

शनिवारी पालकसभेत ती उभी राहिली. नवा तक्ता लावला होता. पाच गुण होते, पण शेजारी प्रश्नचिन्ह होतं आणि खाली ३२० चा हिशेब. एक पालक म्हणाले, "एवढ्याशा पोरीचं ऐकून थांबायचं का? शेजारच्या शाळेने घेतले सुद्धा." दुसरे म्हणाले, "तीन हजार तुम्हीच भरा मग सगळ्यांचे." बरीच गरमागरमी झाली म्हणे. शेवटी बाईंनी निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलला. भाजीची गाडी लावणारे काका सभा संपल्यावर तिच्याजवळ आले, तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "हे साडेचार कुठून आलं गं?" तिने त्यांना पातेल्यांचं उदाहरण दिलं. ते हसले. पोत्यातले वरचे चार बटाटे बघून पोतं कधी घ्यायचं नाही, म्हणाले.

काल पुन्हा फोन. या वेळी आवाज जरा खालचा होता.

"मामा, चिठ्ठ्या टाकल्या. आठही तुकड्यांत. मुख्याध्यापकांसमोर."

"छान! मग?"

"माझी 'फळा' निघाली."